वर काळी माती, खाली फ्रॅजिपॅन

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या नैऋत्य भागात स्प्रिंगफील्डचं पठार आहे. हलक्या चढउतारांचा, मोकळा, भरपूर आभाळ दाखवणारा हा मुलूख. गोरे शेतकरी येण्याआधी या माळांवर ओसेज लोकांचा वावर होता आणि ब्लूस्टेम, इंडियन ग्रास अशी पुरुषभर उंचीची गवतं वाऱ्यावर डोलत असत. या गवताळ प्रदेशाला प्रेअरी म्हणतात. तिथली वरची माती मुठीत घेतली तर गडद, भुसभुशीत, पोयट्याची लागते. कुठल्याही शेतकऱ्याला हेवा वाटावा अशी.

तरीही याच शेतात एप्रिलमध्ये ट्रॅक्टर रुततो आणि ऑगस्टमध्ये मका पानांच्या सुरळ्या करून उभा राहतो. वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पाण्याची ओरड व्हावी असा हा प्रदेश नाही. चिबड, म्हणजे पाणी तुंबणं, आणि कोरड अशी दोन्ही दुखणी एकाच शेताला, एकाच वर्षात कशी काय लागतात?

खड्डा खणला की उत्तर मिळतं. पहिले वीस-पंचवीस सेंटिमीटर फावडं सहज जातं. त्याखाली तपकिरी, जरा चिकण माती लागते, तीही खणता येते. मग साधारण अर्ध्या मीटरच्या पुढे फावडं ठणकन अडतं. खडक लागला असं वाटतं, पण तो खडक नसतो. मातीच असते, कडक आणि घट्ट झालेली. या थराला मृदाशास्त्रात फ्रॅजिपॅन म्हणतात. तिथले शेतकरी सरळ ‘हार्डपॅन’ म्हणतात.

फ्रॅजिपॅन ओळखण्याची परीक्षा इतकी साधी आहे की ती खड्ड्याच्या काठावर बसून करता येते. माती वाफशावर असताना या थरातलं एक छोटं ढेकूळ घ्यायचं आणि अंगठा व तर्जनीत हळूहळू दाबत जायचं. वरच्या थरातलं ढेकूळ असं दाबलं की चपटं होतं, बोटांचा आकार घेतं. फ्रॅजिपॅनचं ढेकूळ आकार बदलत नाही. ते दाब सहन करत राहतं आणि एका क्षणी अचानक फुटून त्याचे तुकडे होतात. ओलसर असूनही ठिसूळ असणं हा त्याचा पहिला गुण. दुसऱ्या परीक्षेसाठी तेच ढेकूळ पूर्ण वाळवून पाण्यात टाकायचं. दगडासारखं वाटणारं ते ढेकूळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं विरघळून खाली बसतं. चुन्याने किंवा सिलिकाने पक्के सांधले गेलेले थरही जमिनीत असतात, पण ते पाण्यात तसेच राहतात. म्हणजे फ्रॅजिपॅनचे कण एकमेकांना धरून आहेत, पण ती पकड कायमची नाही. मला स्वतःला मृदाशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर परीक्षा वाटते, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि थराचा सगळा स्वभाव त्यात उघडा पडतो.

हा थर घट्ट म्हणजे किती घट्ट? चांगल्या भुसभुशीत मातीचा एक घन सेंटिमीटर वाळवून तोलला तर साधारण १.३ ग्रॅम भरतो आणि त्यातली निम्मी जागा पोकळ असते. फ्रॅजिपॅनमध्ये हाच आकडा १.६ ते १.८पर्यंत जातो आणि पोकळी एक तृतीयांशाच्या आसपास उरते. उरलेली छिद्रंही बारीक आणि एकमेकांशी नीट न जोडलेली असतात. पाणी त्यातून अतिशय सावकाश झिरपतं आणि मुळं तर जवळजवळ जातच नाहीत.

थर आडवा कापून वरून पाहिला की एक देखणी नक्षी दिसते. राखाडी-पांढुरक्या रेघांची जाळी आणि त्या जाळीत बसलेले तपकिरी बहुकोन. प्रत्येक बहुकोन म्हणजे खाली उभ्या गेलेल्या मातीच्या खांबाचं डोकं असतं. दोन रेघांमधलं अंतर सरासरी दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. रेघा म्हणजे खांबांमधल्या फटी. वरून आलेलं पाणी याच फटींमधून खाली सरकतं. फटीत पाणी साचून हवा संपली की तिथलं लोह विरघळतं, बाजूला सरकतं आणि हवा मिळेल तिथे पुन्हा गंजासारखं जमा होतं. म्हणून फट फिकी आणि तिची किनार तांबूस. गवताची जी थोडी मुळं खाली पोचतात तीही या फटींतूनच, दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन चपटी झालेली. खांबाच्या आत पाणी आणि अन्नद्रव्यं असली तरी ती या मुळांच्या हाती लागत नाहीत.

आता एप्रिल आणि ऑगस्टचं कोडं सुटतं. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला पिकाची तहान कमी, आणि वसंतात पाऊसही जास्त. पाणी खाली जातं, पॅनवर अडतं आणि तिथेच तुंबतं. खरं भूजल कितीतरी खोल असतं, पण पॅनवर दुसराच एक उथळ पाणसाठा तयार होतो. उतारावर हे पाणी पॅनच्या पाठीवरून सरकत जातं आणि जिथे पॅन वर येतो तिथे जमीन उपळते. उन्हाळ्यात उलट होतं. ढोबळ हिशेब करू. पोयट्याच्या मातीत दर सेंटिमीटर खोलीला सुमारे दोन मिलिमीटर पाणी पिकाला मिळण्याजोगं साठतं. दीड मीटर मोकळी माती असेल तर ते तीनशे मिलिमीटर होतं, अर्धा मीटर असेल तर फक्त शंभर. ऐन भरातला मका कडक उन्हात दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी पितो. म्हणजे दोन आठवडे पाऊस लांबला की साठा संपला. शेजारच्या काउंटीत खोल जमिनीवरचा मका तेवढाच पाऊस घेऊन हिरवागार उभा असतो.

हा थर तिथे आला कुठून, याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. काही गोष्टी मात्र पक्क्या आहेत. पठाराच्या तळाशी चुनखडीचा खडक आहे, चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडाने भरलेला. हा खडक लाखो वर्षं विरघळत गेला आणि मागे लाल चिकणमाती आणि चर्टचे तुकडे उरले. मग हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात, साधारण पंचवीस ते बारा हजार वर्षांपूर्वी, मोठ्या नद्यांच्या उघड्या पात्रांतून उडालेली बारीक धूळ त्यावर येऊन बसली. या धुळीला लोएस म्हणतात. मिझुरी नदीच्या काठावर तिचे उंच कडे आहेत, स्प्रिंगफील्डच्या पठारावर मात्र तिचा थर पातळच आहे. पॅन बहुधा या दोन सामग्रींच्या सांध्याजवळ सापडतो.

वाऱ्याने आणलेली धूळ बसते तेव्हा तिची रचना मोकळी, पोकळ असते. ती भिजली की स्वतःच्या आणि वरच्या मातीच्या वजनाने खचते, कण एकमेकांत घट्ट बसतात. पुढे पाण्याबरोबर खाली आलेली थोडी चिकणमाती आणि विरघळलेली सिलिका कणांच्या सांध्यांवर जमते आणि त्यांना पकडून ठेवते. भिजणं आणि वाळणं हजारो वर्षं चालतं, थर आकसतो, तडे जातात आणि बहुकोनांची जाळी पडते. काही संशोधक हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याला जास्त महत्त्व देतात. मला खचण्याचं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण वाळलेलं ढेकूळ पाण्यात विरघळतं ही गोष्ट त्यात नीट बसते.

पण प्रेअरीखाली हा थर सापडणं हे वेगळंच कोडं आहे. अमेरिकेत फ्रॅजिपॅन बहुतेक जंगलाच्या जमिनीत सापडतात, न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियापासून केंटकी, टेनेसी, मिसिसिपीपर्यंत. गवताची जमीन याच्या उलट वागते. गवताची दाट मुळं माती सतत ढवळत राहतात, खालचं कॅल्शियम वर आणतात, दरवर्षी कुजून माती काळी करतात. असा थर गवताखाली घडणं अवघड. तर्काला धरून असलेलं उत्तर असं, की पॅन प्रेअरीहून जुना असावा. आठ ते चार हजार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मध्यभागी हवामान आजच्यापेक्षा कोरडं आणि उष्ण झालं, प्रेअरी पूर्वेकडे सरकली आणि आधीच तयार असलेल्या पॅनवर येऊन वसली. मग ती टिकलीही पॅनमुळेच. वसंतात पाय पाण्यात आणि उन्हाळ्यात घसा कोरडा, अशा जागी झाडाचं रोप तगणं कठीण. त्यात ओसेज लोक लावत असलेले वणवे. गवताने मात्र वरच्या पंचवीस सेंटिमीटरात आपला संसार थाटला.

म्हणजे या जमिनीचं वरचं अंग प्रेअरीचं आणि खालचं अंग जंगलाच्या जमिनीसारखं. मग हिला नाव काय द्यायचं?

अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाला शिस्त लावणारा कर्टिस फ्लेचर मार्बट याच मुलखातला, मिझुरीतल्या बॅरी काउंटीत १८६३ साली जन्मलेला. त्याच्या आधी अमेरिकेत जमिनीला खालच्या खडकावरून ओळखायची पद्धत होती. मार्बटने रशियन शास्त्रज्ञ ग्लिंकाचं पुस्तक जर्मनमधून इंग्रजीत आणलं, १९२७ साली, आणि ‘जमिनीचे थर बघा, जमीन ही स्वतः एक वस्तू आहे’ हा रशियन विचार आपल्या देशात रुजवला. पुढे १९३८च्या अमेरिकी वर्गीकरणात ज्या सपाट जमिनींखाली पाणी अडवणारा थर असतो त्यांना प्लॅनोसोल या गटात ठेवलं गेलं. चिकणमातीचा पॅन आणि ठिसूळ पॅन तेव्हा एकाच टोपलीत होते. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ गाय स्मिथ याने १९४६ साली ठिसूळ पॅनला फ्रॅजिपॅन हे वेगळं नाव दिलं, आणि पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ ही नवी पद्धत तयार झाली. तिचा मसुदा १९६० साली आला, पूर्ण ग्रंथ १९७५ साली.

या पद्धतीत मोजमाप केल्याशिवाय काही ठरत नाही. फ्रॅजिपॅन म्हणायचं तर थर निदान पंधरा सेंटिमीटर जाड हवा, त्यातला साठ टक्के भाग घट्ट, ठिसूळ आणि जवळजवळ मुळांविना हवा, आणि निम्म्याहून अधिक भागातली वाळलेली ढेकळं पाण्यात विरघळायला हवीत. जमिनीचे बारा मोठे वर्ग आहेत. प्रेअरीच्या काळ्या, सुपीक जमिनींचा वर्ग मॉलिसॉल. त्यात बसण्यासाठी नुसता काळा वरचा थर पुरत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या क्षारद मूलद्रव्यांनी मातीच्या कणांवरच्या निदान निम्म्या जागा खोलपर्यंत व्यापलेल्या हव्यात. आपल्या पठारावरची जमीन इथे नापास होते. काळा थर बहुधा पातळ पडतो, आणि पॅनच्या आसपासची माती हजारो वर्षांच्या पाण्याने धुऊन आम्ल झालेली असते. मॉलिसॉल वर्गात फ्रॅजिपॅनच्या जमिनींसाठी वेगळा गटही नाही.

मग ती अल्फिसॉल ठरते, चिकणमाती खाली सरकलेल्या, मध्यम धुपलेल्या नव्हे तर मध्यम धुतलेल्या जमिनींचा वर्ग. आणखी जास्त धुतली गेली असती तर अल्टिसॉल झाली असती, आणि ते ठरवायला नमुना घेतात पॅनच्या वरच्या कडेपासून ७५ सेंटिमीटर खालून. क्रेल्डन, होबर्ग, कीनो या पठारावरच्या मृदा-मालिका (सारखे थर असलेल्या जमिनींचे गट) ‘ऑक्सिअ‍ॅक्विक फ्रॅजियुडाल्फ’ म्हणून नोंदल्या आहेत. नाव जड आहे, पण उलटं वाचत गेलं की जमिनीचं वर्णनच हाती येतं: अल्फिसॉल आहे, दमट हवामानातली आहे, फ्रॅजिपॅन आहे, आणि सर्वसाधारण वर्षात वरच्या एक मीटरात सलग वीस दिवस किंवा एकूण तीस दिवस पाणी तुंबतं. चिबड एप्रिल नावातच लिहिलेला आहे.

नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था भारतातल्या जमिनींना हीच पद्धत लावते. विदर्भातली कापसाची काळी जमीन या पद्धतीने बहुतांशी व्हर्टिसॉल ठरते. तिथेही रंग निर्णायक नसतो. निर्णायक असतात उन्हाळ्यातल्या खोल भेगा आणि मातीचे ढिगारे एकमेकांवर घासून खाली तयार झालेले गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग. डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन जमिनी पाण्याशी पूर्ण वेगळ्या वागतात, आणि वर्गीकरण त्या वागण्याकडे बघतं.

शेतकऱ्याने काय करावं? खोल नांगर घालून पॅन फोडण्याचे प्रयत्न झाले. फोडलेला थर थोड्याच काळात पुन्हा बसतो, कारण त्याची सामग्री तीच राहते आणि भिजणं-वाळणं चालूच असतं. स्प्रिंगफील्डच्या पठारावर बऱ्याच लोकांनी मक्याचा नाद सोडून फेस्क्यू गवत लावलं आणि गुरं पाळली. फेस्क्यू वसंतात आणि शरदात वाढतं, ऑगस्टमध्ये विसावतं, त्यामुळे जमिनीच्या तालाशी ते जुळतं. पण त्यापायी मूळ प्रेअरी जवळजवळ संपली. मिझुरीत एकेकाळी दीड कोटी एकरांच्या आसपास प्रेअरी होती, आज एक टक्काही उरलेली नाही, आणि याची मला खंत वाटते, कारण त्या गवतांनी या अवघड जमिनीवर कुठलंही खत न मागता हजारो वर्षं हिरवळ राखली होती.

केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांना वार्षिक राय गवतात एक आशा दिसली आहे. या गवताची मुळं पॅनच्या फटींत शिरतात आणि त्यांतून निघणारी द्रव्यं कणांमधली पकड सैल करतात असं त्यांच्या प्रयोगांत आढळलं. हिवाळ्यात दोन पिकांच्या मधे हे गवत लावत राहिलं तर पॅनची वरची कड हळूहळू खाली जाते. काम वर्षानुवर्षांचं आहे, पण दर दोन-तीन सेंटिमीटर खोलीमागे पाच-सहा मिलिमीटर पाणी जास्त साठतं, म्हणजे कोरड्या ऑगस्टमध्ये मक्याला जवळपास एक दिवस जास्त मिळतो.

घर बांधणाऱ्यालाही हा थर चुकत नाही. शोषखड्ड्यातलं सांडपाणी पॅनवर अडून वसंतात अंगणात वर येतं, तळघराच्या भिंतींना ओल धरते. म्हणून तिथे प्लॉट घेण्याआधी जाणते लोक अमेरिकी कृषी खात्याचा मृदा नकाशा उघडतात, तो इंटरनेटवर फुकट मिळतो. आपल्या जागेवर बोट ठेवायचं, मालिकेचं नाव बघायचं आणि ‘अडथळा आणणारा थर किती खोलीवर’ हा रकाना वाचायचा. तिथे फ्रॅजिपॅन असं लिहिलेलं असेल तर शोषखड्ड्याचा आराखडा बदलावा लागतो, आणि तो खर्च जमिनीच्या सौद्यातच धरलेला बरा.