तरुणांमधील मिनी-स्ट्रोक

मेंदूच्या किंवा डोळ्याच्या पडद्याच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ खंडित झाल्याने अचानक उद्भवणारी आणि कायमची इजा न करता ओसरणारी लक्षणे म्हणजे मिनी-स्ट्रोक, वैद्यकीय भाषेत टीआयए (ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक). पूर्वी २४ तासांत लक्षणे गेली की टीआयए, अशी घड्याळावर बेतलेली व्याख्या होती. एमआरआयच्या डिफ्यूजन तपासणीत अशा अनेकांच्या मेंदूत ताजी इजा दिसू लागल्यावर ती मागे पडली. आता इजा दिसली तर तो पक्षाघातच, मग हात दहा मिनिटांत पूर्ववत का झालेला असेना.

झटका बहुधा काही मिनिटांचा असतो. डॉक्टरांसमोर येतो तो ठणठणीत माणूस, त्यामुळे निदान मुख्यतः हकिगतीवर उभे राहते. एका बाजूचा हात-पाय लुळा किंवा बधिर होणे, तोंड वाकडे होणे, शब्द न सापडणे, एका डोळ्यापुढे पडदा उतरणे ही ठळक लक्षणे. हातातला मोबाइल निसटला, उचलायला गेल्यावर बोटे वळेनात, असे रुग्ण सांगतो तेव्हा दोनच गोष्टी खोदून विचाराव्यात : हे एका क्षणात झाले की पसरत गेले, आणि काही नाहीसे झाले की नवे काही दिसू-जाणवू लागले? मायग्रेनमध्ये नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, मुंग्या बोटांपासून गालापर्यंत पाच मिनिटे किंवा अधिक वेळ घेत चढतात. टीआयएमध्ये शक्ती, संवेदना किंवा दृष्टी एकदम जाते. नुसती भोवळ किंवा अंगभर अशक्तपणा बहुधा टीआयए नसतो. डोके दुखले म्हणून मात्र टीआयए नाकारू नये : मान दुखणे, त्याच बाजूची पापणी उतरणे व बाहुली बारीक होणे ही मानेतील धमनीचा आतला थर फाटल्याची खूण असू शकते, आणि तरुणांत हे कारण वारंवार सापडते.

वय, रक्तदाब, लक्षणे, त्यांचा कालावधी आणि मधुमेह यांवरून पुढील धोका मोजणारी ‘एबीसीडी२’ गुणपद्धती इथे फसवते. बत्तीस वर्षांच्या व्यक्तीची वाचा आठ मिनिटे गेली, रक्तदाब व साखर ठीक, तर ७ पैकी फक्त १ गुण. धमनी फाटलेली असली तरी गुण तेवढेच!

आधी ग्लुकोमीटर लावावा, कारण साखर उतरल्यानेही अशीच लक्षणे येतात. रक्तदाब दोन्ही हातांत मोजावा. मोठी तफावत ताकायासु आजाराकडे, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या दाहाकडे, बोट दाखवते. साधा सीटी स्कॅन रक्तस्राव वगळतो, पण तो नॉर्मल आला म्हणून टीआयए नव्हता असे ठरत नाही. एमआरआय शक्यतो २४ तासांत व्हावा. अँजिओग्राफी महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत हवी. मानेचा डॉपलर, म्हणजे धमन्यांची सोनोग्राफी, कवटीलगतचा भाग नीट दाखवत नाही. ईसीजी आणि बबल इको (शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून केलेली सोनोग्राफी) हृदयासाठी : संधिवाती तापाने होणारे झडपदोष भारतात अजून आहेतच. बाळंतिणीत मेंदूच्या शिरांतील गुठळीसाठी वेनोग्राम (शिरांचे चित्रण), सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पट्ट्यात, म्हणजे गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांत, त्याची रक्तचाचणी. रक्तात गुठळ्या घडवणारी प्रतिपिंडे शोधणारी अँटिफॉस्फोलिपिड चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

पक्षाघाताचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. म्हणून लक्षणे गेली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लक्षणे चालू असतील तर १०८ला फोन करावा. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तस्राव वगळलेला नसतो. रुग्ण शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून घ्यावी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देतात.