जूनटीन्थच्या फोटोंमागची दीडशे वर्षं

जूनटीन्थ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा गुलामीतून सुटकेचा सण. २०२१ साली ती अमेरिकेत देशभराची सुट्टी झाली. तेव्हापासून १९ जूनच्या मिरवणुका टिपायला मोठ्या वृत्तसंस्थांचे कॅमेरे आवर्जून येतात. पण त्याआधीही हा सण दीडशे वर्षं साजरा होत होता, आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांत बाहेरचं कोणी तिकडे फिरकतही नव्हतं. आज आपल्याला जे जुने फोटो दिसतात, त्यातले बरेचसे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतच राहणाऱ्या माणसांनी काढलेले आहेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्ससमधल्या गुलामांपर्यंत मात्र तो पोचायला अडीच वर्षं लागली. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टन बंदरात जनरल गॉर्डन ग्रेंजर यांचा हुकूम जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षापासून लोक तो दिवस साजरा करू लागले. १८७२ मध्ये ह्यूस्टनच्या मुक्त झालेल्या लोकांनी धर्मोपदेशक जॅक येट्स यांच्या पुढाकाराने वर्गणी काढली आणि याच सणासाठी १० एकर जागा विकत घेतली. तिचं नाव इमॅन्सिपेशन पार्क. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना खुली असलेली ती त्या शहरातली कित्येक वर्षं एकमेव सार्वजनिक बाग होती. त्या खरेदीनंतर वर्षभरानेच, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतली गुलामी मोडून काढणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

कॅमेऱ्याची ताकद फ्रेडरिक डग्लस यांनी फार लवकर ओळखली होती. गुलामीतून निसटलेल्या या वक्त्याचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज माहीत आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याइतके फोटो दुसऱ्या कोणा अमेरिकन माणसाचे निघाले नाहीत, असं अभ्यासक सांगतात. वर्तमानपत्रांत कृष्णवर्णीयांची विद्रूप व्यंगचित्रं छापली जायची. डग्लस करड्या नजरेने, नीटनेटक्या कोटात कॅमेऱ्यासमोर बसत, ते त्या चित्रांना उत्तर म्हणून.

१९०० साली दोन गोष्टी घडल्या. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जीवनाचे ३६३ फोटो मांडले. त्यात घरं, दुकानं, शिकणाऱ्या मुली, रुबाबदार कुटुंबं असं सगळं होतं. आणि त्याच वर्षी १९ जूनला ऑस्टिनमध्ये ग्रेस मरे स्टीफनसन नावाच्या गोऱ्या बाईंनी जूनटीन्थचे फोटो काढले. एका फोटोत वाद्यं घेतलेला बँड आहे, दुसऱ्यात ठेवणीतले कपडे घालून उभी असलेली वयस्क माणसं. त्यांच्या वयाचा हिशेब केला की अंगावर काटा येतो. १८६५ ला अवघी ३५ वर्षं झाली होती. म्हणजे त्या फोटोतली पिकल्या केसांची माणसं गुलामीत जन्मली होती, आणि आता स्वतःच्या सुटकेचा सण साजरा करायला नटूनथटून आली होती.

पुढे वस्त्यांमधूनच छायाचित्रकार तयार झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जेम्स व्हॅन डर झी यांनी लग्नं, क्लब आणि कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेच्या मिरवणुका टिपल्या. पिट्सबर्गमध्ये चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस होते. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रासाठी त्यांनी साधारण चार दशकं काम केलं. एका प्रसंगाचा ते बहुधा एकच फोटो घेत, म्हणून त्यांना ‘वन शॉट’ म्हणत. अशा एकेक फोटोतून मागे राहिल्या जवळपास ८०,००० निगेटिव्ह. त्यात बेसबॉल आहे, सौंदर्यस्पर्धा आहेत, चर्चमधली जेवणं आहेत, निदर्शनंही आहेत. ज्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये ते फिरत, त्याचा खालचा भाग १९५० च्या दशकात नव्या क्रीडागृहासाठी पाडला गेला आणि सुमारे ८,००० लोक उठवले गेले. ती वस्ती पाहायची तर आता हॅरिस यांचे फोटोच उघडावे लागतात.

फिल्मही या लोकांसाठी बनलेली नव्हती. रंगीत छपाईचं प्रमाण जुळवायला ‘शर्ली कार्ड’ वापरत आणि त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे. घोळक्याचा फोटो काढला की काळ्या चेहऱ्यांचे बारकावे बुजून जात. फिल्म सुधारायला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, असं कोडॅकमध्ये काम केलेल्यांनी पुढे सांगितलं. माणसांच्या चेहऱ्यांआधी तपकिरी वस्तूंची दखल घेतली गेली, हे वाचून आजही संताप येतो. छायाचित्रकार रॉय डिकॅरावा यांनी कृष्णधवल छपाईत गडद छटा मुद्दाम गडदच ठेवल्या आणि अंधारातले चेहरे वाचायला शिकवलं. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कामोइंगे हा छायाचित्रकारांचा गट उभा राहिला, त्याचे ते पहिले संचालक.

नागरी हक्क चळवळीची जगभर पोचलेली चित्रं म्हणजे अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधले निदर्शकांवर सोडलेले पोलिसी कुत्रे, पाण्याचे फवारे आणि मोर्चेकऱ्यांना मारहाण झाली तो सेल्माचा पूल. ती हवीच होती. पण १९६८ मध्ये मेम्फिसच्या संपकरी सफाई कामगारांच्या हातातले ‘मी माणूस आहे’ हे फलक ज्यांनी टिपले, ते अर्नेस्ट विदर्स त्याच शहरातले, ओळखीचे. म्हणून ते त्या काळात एफबीआयला माहिती पुरवत होते हे २०१० मध्ये उघड झालं, तेव्हा मेम्फिसच्या लोकांना ते फार लागलं. समाजाच्या कार्यक्रमात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला आजही कोण, कुठला, फोटो कशाला, असं विचारलं जातं. त्यामागे असे अनुभव आहेत.

हॅरिस १९९८ मध्ये गेले. २००१ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी कलासंग्रहालयाने त्यांचा संग्रह घेतला, तेव्हा बहुतेक निगेटिव्हवर नावंच नव्हती. मग संग्रहालयाने शहरातल्या वृद्धांना बोलावलं, त्यांच्यासमोर फोटो ठेवले आणि ते सांगतील ती नावं लिहून घ्यायला सुरुवात केली.