‘गर्ल, वुमन, अदर’ हा कथासंग्रह नव्हे

बर्नार्डिन एवरिस्टो यांच्या या पुस्तकाला 2019 चं बुकर पारितोषिक मिळालं (मार्गारेट ॲटवुडसोबत विभागून). तेव्हापासून एक सल्ला फिरतोय: ‘यात 12 बायकांच्या 12 कथा आहेत, कुठूनही वाचा.’ तो ऐकू नका.

ही कादंबरी आहे, आणि तिला क्रम आहे. पहिल्या 4 प्रकरणांत प्रत्येकी 3 पात्रं. बहुतेक जणी ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. मॉर्गन मात्र स्वतःला स्त्रीही म्हणवत नाही, पुरुषही नाही. पाचव्या प्रकरणात त्यातल्याच नाटककार ॲमाच्या नाटकानंतरची पार्टी, मग उपसंहार.

क्रम मोडला की काय बिघडतं? दुसऱ्या प्रकरणात, कॅरोल या पात्राच्या भागात मिसेस किंग ही डोक्याशी कटकट करणारी कडक शिक्षिका. पुढच्या प्रकरणात तीच शर्ली म्हणून भेटते, तिची बाजू कळते आणि आपलं मत हलतं. शाळेत शर्लीशी खडूसपणे वागणाऱ्या सहशिक्षिका पेनेलोपीचंही तसंच. उलट वाचलंत तर हा धक्काच उरत नाही. उपसंहार आधी उघडलात तर सगळंच मुसळ केरात. तिथं काय आहे ते सांगत नाही.

वाक्यांशेवटी पूर्णविराम जवळजवळ नाहीत, ही छपाईची चूक नव्हे. ओळी कवितेसारख्या तोडल्यात. श्वास तिथेच घ्यायचा. पहिली 10-15 पानं अडखळायला होतं, मग सवय लागते. नाती लक्षात राहत नसतील तर कागदावर 12 नावं लिहून रेघा जोडत जा.