चाक बाहेर आलं ते रुंदीमुळे की ऑफसेटमुळे?

जळगाव-धुळ्याकडे जुनी स्विफ्ट घेऊन कुणी मॅगव्हीलच्या, म्हणजे अलॉय चाकांच्या दुकानात गेलं की मागणी बहुतेक ठरलेली असते: "भाऊ, चाक जरा बाहेर दिखाले पाहिजे." दुकानदार एक संच काढतो, चार नट आवळतो, टायर मडगार्डच्या काठाशी येतो आणि सौदा होतो. पण चाक बाहेर येण्याची कारणं दोन आहेत. वरून ती सारखीच दिसतात, गाडीवर मात्र त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो.

एक कारण रुंदी. रिमवर '५ जे' किंवा '६ जे' लिहिलेलं असतं. टायरच्या दोन कडा जिथे बसतात त्यांच्यातलं हे अंतर, इंचात. दुसरं कारण ऑफसेट, म्हणजे रिमवरचा 'ईटी' आकडा. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ आहे असं धरा. हबला (चाक ज्यावर नटांनी आवळतात त्या भागाला) टेकणारी सपाट जागा त्या रेघेपासून बाहेरच्या अंगाला किती मिलिमीटर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा तर चाक गाडीच्या आत, लहान तर बाहेर. हा हिशेब उलटा चालतो, म्हणून ईटी ३५ पेक्षा ईटी ४५ चं चाक जास्त बाहेर येईल असा अनेकांचा समज होतो.

रुंदी एक इंचाने वाढवली तर चाक बाहेर १२.७ मिलिमीटर वाढतं आणि तेवढंच आतही वाढतं, जिथे शॉकअब्झॉर्बर असतो. ऑफसेट १० ने कमी केला तर अख्खं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकतं आणि आत तेवढी जागा मोकळी होते. बाजारात हे दोन्ही बदल सहसा एकाच रिममध्ये येतात. समजा, मूळ लोखंडी डिस्क, म्हणजे गाडीचं साधं लोखंडी चाक, ५ जे, ईटी ४५ आहे आणि नवी रिम ६ जे, ईटी ३५. बाहेरची कड १२.७ अधिक १०, म्हणजे २२.७ मिलिमीटर पुढे आली. आतली कड १२.७ उणे १०, म्हणजे फक्त २.७ मिलिमीटरने शॉकअब्झॉर्बरकडे सरकली. आता तीच ६ जे रिम ईटी ४५ ची घ्या: बाहेर १२.७, आतही १२.७. हे झालं रिमपुरतं. टायर १६५ मिलिमीटर रुंदीचा १८५ चा केला तर तोही दोन्ही अंगांना साधारण १० मिलिमीटर जागा खातो.

ऑफसेट खूप कमी केला की वजनाचा भार हबच्या बेअरिंगपासून लांब जातो. बेअरिंग लवकर आवाज करू लागतं, खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात तडकतात. रावेर-यावलकडे रोज फिरणाऱ्या गाडीला असे हिसके सतत बसतात. दहा मिलिमीटरचा स्पेसर (हब आणि चाकाच्या मधली चकती) घातला तरी परिणाम हाच, कारण स्पेसर ईटी ४५ चा ईटी ३५ करतो. नुसती रुंदी वाढवली तर त्रास आतल्या बाजूचा: स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासतो, आणि तो वरून दिसत नाही.

गाडी जुनी असेल तर आणखी एक गोष्ट बघावीच लागते. स्प्रिंगा बसलेल्या असतात, बुश ढिले झालेले असतात, एखादं मडगार्ड ठोकून सरळ केलेलं असतं. नव्या गाडीत जेवढी जागा होती तेवढी आता असेलच असं नाही, आणि डावी-उजवी बाजूही सारखी नसते. म्हणून चारही चाकांवर मोजायचं. मडगार्डच्या काठावरून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. मग लग्नाला निघाल्यासारखी पाच माणसं आणि सामान गाडीत भरून, मागे टायर आणि मडगार्डमध्ये किती बोटं जातात ते बघा.

जुन्या संचावर ईटी पुसलेला असेल तर रिम पालथी घाला. कडांवर आडवी सरळ पट्टी ठेवून तिथपासून हबच्या जागेपर्यंत खोली मोजा आणि त्यातून रिमच्या बाहेरून-बाहेरून घेतलेल्या रुंदीचा निम्मा भाग वजा करा. एकूण रुंदी १७८, खोली १२४, तर १२४ उणे ८९, म्हणजे ईटी ३५. बाहेरून मोजलेली रुंदी 'जे'च्या आकड्यापेक्षा साधारण एक इंच जास्त भरते, त्याने गोंधळू नका.

२००५ च्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर होते. त्याची उंची ६१९.६ मिलिमीटर, आणि १८५/६५ आर १५ ची ६२१.५. स्पीडोमीटर जवळजवळ तसाच राहतो, म्हणून ही जोडी मला योग्य वाटते. त्यासाठी साडेपाच जे पुरे, आणि ऑफसेट मूळ आकड्याच्या पाचेक मिलिमीटरच्या आतच ठेवावा. ६ जे, ईटी ३५ रुबाबदार दिसते हे खरं, पण वीस वर्षांच्या गाडीला मी ती घालणार नाही.

नटांच्या भोकांचं माप हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यात तडजोड नसते. स्विफ्टचं ४ × १००, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोकं; फियाट पालिओचं ४ × ९८. दोन मिलिमीटरचा फरक नट ओढून आवळला की दिसेनासा होतो, पण चाक मध्यावर बसत नाही आणि स्टडवर, म्हणजे नट ज्यावर आवळतात त्या दांड्यावर, ताण येतो. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर स्विफ्टसाठी आतून ५४.१ मिलिमीटरची रिंग मागून घ्या.

स्टेपनी लोखंडी डिस्कचीच राहणार असेल तर जुने नट टाकू नका. मॅगव्हीलच्या नटांची बसायची जागा कित्येकदा वेगळी असते, ते लोखंडी डिस्कवर नीट धरत नाहीत. जुने चार नट पिशवीत घालून जॅकजवळ ठेवा. कन्नड घाटात रात्री चाक बदलायची वेळ आली तर तेच लागतील.