बॅकअपच्या अहवालात ‘नाव फार लांब’ असा शेरा आला असेल तर

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ज्या सोसायट्यांचा, सीए आणि वकील मंडळींचा डेटा आम्ही सांभाळतो, त्यांना बॅकअपचा अहवाल जातो. त्यात कधी दोन-चार फायलींपुढे हा शेरा असतो. फाईल बिघडलेली नसते, पण तिची प्रत निघालेली नसते.

विंडोज फक्त फाईलचं नाव मोजत नाही. ड्राइव्हच्या अक्षरापासून फोल्डरात फोल्डर करत फाईलपर्यंतचा सगळा पत्ता मोजते. मर्यादा २६० खुणांची (अक्षर, काना, मात्रा, मोकळी जागा सगळं धरून); त्यातलं एक घर न दिसणाऱ्या शेवटच्या खुणेला जातं, उरतात २५९. एक्सेल तर २१८ च्या पुढे हात वर करतं. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही मर्यादा उठवता येते, पण प्रत्येक प्रोग्रॅम ती सवलत पाळत नाही, म्हणून आम्ही तिच्यावर विसंबत नाही. मॅकवर पत्ता १०२४ बाइटपर्यंत (बाइट म्हणजे साठवणीचं माप) चालतो, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ४०९६.

मग लिनक्सवर चालणाऱ्या आमच्या बॅकअपच्या डब्यात, म्हणजे प्रती साठवणाऱ्या यंत्रात, अडतं कुठे? मराठी नावांपाशी. तिथे एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. एकटा ‘श्री’ १२ बाइटचा. ‘पुनर्विकासासाठी नेमायच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराच्या निवडीबाबत विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ हे नाव विंडोजच्या हिशेबात १०० भरतं, ते मुकाट्याने सेव्ह होतं. डब्यात त्याचेच २८२ बाइट होतात. (सेक्रेटरींनी विषयपत्रिकेतली ओळच्या ओळ नाव म्हणून चिकटवली, की हे ठरलेलं.)

दुसरी गोम नेटवर्क ड्राइव्हची. तुमच्या टेबलावर ‘झेड’ ड्राइव्ह उघडला की पत्ता आखूड दिसतो. सर्व्हरवर तोच फोल्डर पाच पायऱ्या खाली असतो, त्यामुळे तुमच्याकडे उघडणारी फाईल तिथे उघडत नाही.

‘इतिवृत्त विसस पुनर्विकास’ एवढं नाव पुरे (विसस म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा). सोसायटीचं नाव सर्वांत वरच्या फोल्डरला एकदाच द्या, आतल्या प्रत्येकाला नको. कामाचे फोल्डर डेस्कटॉपवर न ठेवता थेट ‘डी’ ड्राइव्हवर ठेवा. वरच्या एका फोल्डरचं नाव आखूड केलं, की आतल्या सगळ्या फायलींचा पत्ता आपोआप आटोपतो.

नावं आम्ही परस्पर बदलत नाही, कारण एक्सेलच्या एका फाईलमधून दुसरीला दिलेल्या लिंक त्याने तुटतात. शेरा आलेल्या फायलींपुढे नवी नावं लिहून यादी परत पाठवा. बदल करून त्याच रात्री बॅकअप पुन्हा लावू.