क्रिमसन राजाचं औट घटकेचं राज्य

१९६७ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथमध्ये मायकेल आणि पीटर जाइल्स हे दोघे भाऊ गाता येणारा ऑर्गनवादक शोधत होते. आला रॉबर्ट फ्रिप. हा ना गायक, ना ऑर्गनवाला. हॉटेलातल्या डान्स ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. भावांनी तरीही त्याला घेतलं. तिघं लंडनला गेले आणि १९६८मध्ये स्वतःच्या आडनावांचीच पाटी लावून त्यांनी एक तिरकस, गमत्या रेकॉर्ड काढली. ती कुणी विचारली नाही. पण याच तिघांतून पुढं किंग क्रिमसन हा रॉक बँड उभा राहिला.

किंग क्रिमसन म्हटलं की आज फक्त फ्रिपचं नाव निघतं. पुढच्या पन्नास वर्षांपुरतं ते बरोबरच आहे, पण पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळा आहे. त्या वर्षीचा आवाज मुख्यतः इयन मॅकडोनल्डचा. तो लष्करी बँडमधून आलेला. नोटेशन, वाद्यमेळाची रचना तिथंच शिकलेला. सॅक्सोफोन, बासरी, कीबोर्ड, काहीही हातात द्या. १९६८मध्ये तो या तिघांना येऊन मिळाला आणि सोबत पीटर सिनफिल्ड हा गीतकार मित्र घेऊन आला. बँडचं नावही सिनफिल्डचंच.

मग ग्रेग लेक. तोही बोर्नमथकडचाच, आणि फ्रिपचे नि त्याचे गिटारचे मास्तर एकच. ‘याला पीटर जाइल्सच्या जागी घ्या नाहीतर माझ्या,’ अशा अर्थाचं फ्रिपनं सुचवलं होतं म्हणतात. पीटर जाइल्स गेला; लेकनं बेस आणि गाणं दोन्ही सांभाळलं.

१३ जानेवारी १९६९ला फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात तालमी सुरू झाल्या. तिथंच मेलोट्रॉन घुमू लागला. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि तिच्यावर व्हायोलिनं, बासऱ्या आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या. पट्टी दाबली की फीत सरकते. साधारण आठ सेकंदांत संपते. बोट उचलायचं, पुन्हा दाबायचं. वर सूर ढळण्याची खोड. पण चार-पाच पोरांच्या रॉक बँडमागे अख्खा वाद्यवृंद उभा करायला १९६९ साली हेच यंत्र हाताशी होतं, आणि त्याचा तो किंचित आजारी, थरथरता स्वरच या संगीताला शोभून दिसला.

९ एप्रिलला लंडनच्या स्पीकइझी क्लबमध्ये पहिला कार्यक्रम. तीन महिन्यांच्या आत, ५ जुलैला, हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवायची संधी मिळाली. समोर लाखोंची गर्दी, तीही स्टोन्ससाठी जमलेली. यांनी शेवट केला तो होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या ‘मार्स’ या वाद्यवृंदरचनेनं!

पहिल्या अल्बमसाठी मूडी ब्लूज या बँडचा निर्माता टोनी क्लार्क याच्याबरोबर प्रयत्न झाला, पण जमेना. शेवटी निर्मिती त्यांनी स्वतःच केली. ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ १० ऑक्टोबरला आला, गाणी पाचच. ब्रिटनमध्ये तो पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. मुखपृष्ठावर बँडचं नावच नाही, नुसता आ वासून किंचाळणारा लालबुंद चेहरा. तो रंगवणारा बॅरी गॉडबर पेशानं कॉम्प्युटर प्रोग्रामर होता. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९७०मध्ये, तो वारला. वय चोवीस.

तोवर बँडही मोडला होता. अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच मॅकडोनल्ड आणि मायकेल जाइल्स यांनी सोडायचं ठरवलं. तुम्ही राहा, मी जातो, असं फ्रिपनं सांगून पाहिलं. ते ऐकले नाहीत. १४ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत या पाच जणांचा शेवटचा कार्यक्रम झाला. तळघरातल्या पहिल्या तालमीला तेव्हा अकरा महिने झाले होते. लेकचंही कीथ इमर्सन या कीबोर्डवादकाशी सूत जुळलं, आणि तोही निघायच्या तयारीला लागला.

दुसरा अल्बम मात्र करायचाच होता. बहुतेक गाणी जाता जाता लेक गाऊन गेला. ड्रमवर, पाहुणा म्हणून, नुकताच बाहेर पडलेला मायकेल जाइल्स. आणि बेस वाजवायला बोलावलं पीटर जाइल्सला. स्टुडिओत पुन्हा तेच तिघं: दोन भाऊ, आणि गाता न येणारा तो गिटारवाला.