शेवटी धक्का नसेल तर ती अलक नाही?

अलक म्हणजे अति लघु कथा, मोजक्या ओळींची गोष्ट. ‘अलकच्या शेवटच्या ओळीत धक्का हवाच’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. प्रत्यक्षात कथेला लागतो तो बदल: माणसात, नात्यात किंवा वाचकाच्या समजुतीत. धक्का हा त्याचा फक्त एक प्रकार.

‘तिने दोन ताटं घेतली. एक पुन्हा फळीवर ठेवलं.’ इथे काहीच दडवलेलं नाही, तरी घरातलं कुणीतरी आता नाही हे कळतं. ‘पुन्हा’ या एका शब्दाने सवयही दिसते.

धक्क्यासाठी मुख्य माहिती लपवली की आधीची वाक्यं नुसती भरती होतात. तपासायचं असेल तर शेवटची ओळ झाकून वाचा. ताण जाणवतो का? मग शेवट माहीत असताना परत वाचा. नवं काहीच सापडलं नाही, तर ती लपवलेली माहिती पहिल्याच वाक्यात आणून कथा लिहून बघा.